डेस्कटॉपसाठी फास्ट एक्स्टर्नल एसएसडी घेताय? आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा



"सर, एडिटिंगचं काम सुरू करतोय. सगळ्यात फास्ट एक्स्टर्नल एसएसडी कुठली, तेवढं सांगा." हा प्रश्न बॅचमध्ये दर वेळी कोणीतरी विचारतंच. व्हिडिओत मी याचं उत्तर पाच मिनिटांत उरकलं होतं आणि ते अर्धवट राहिलं, हे मला मान्य आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. जरा मोठं झालंय, पण हजारो रुपयांची वस्तू घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं वाचायला हरकत नाही.

सुरुवात एका मुलापासून करतो. आमच्याच बॅचचा. तालुक्याच्या गावी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. डेस्कटॉप सेकंडहँड, सहा-सात वर्षांचा. सीझन तोंडावर आला, ऑर्डरी हातात होत्या, म्हणून त्याने हप्त्यावर १ टीबीची एसएसडी घेतली. खोक्यावर लिहिलेलं, २००० एमबी पर सेकंद. घरी आणून लावली, फाइल कॉपीला टाकली, स्पीड किती? ३८. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला."

माल एकदम ओरिजिनल होता. झालं असं की, डिस्कसोबत आलेली केबल दोन्हीकडून टाइप-सी होती आणि त्याच्या डेस्कटॉपला टाइप-सी पोर्टच नव्हता. म्हणून याने मोबाइल चार्जरची केबल काढून लावली, तीही कॅबिनेटच्या समोरच्या काळ्या पोर्टला. केबलही यूएसबी २.० ची आणि पोर्टही यूएसबी २.० चा. तिथे ३५-४० च्या वर स्पीड मिळतच नाही, डिस्क कितीही भारी असू दे. मी त्याला सांगितलं, बाजारातून व्यवस्थित यूएसबी ३ ची केबल आण आणि मागच्या निळ्या पोर्टला लाव. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, ४३०. म्हणजे नुसत्या केबलच्या पैशात अकरापट.

तो खूश झाला. पण हिशोब बघा. पैसे २००० चे भरले आणि मिळाले ४३०. त्या डेस्कटॉपवर ते २००० कधी होणारच नव्हते. साधी, स्वस्तातली एसएसडी घेतली असती तरी तिथे ४०० च्या आसपासच मिळाले असते, आणि उरलेल्या पैशात बॅकअपसाठी हार्ड डिस्कला हातभार लागला असता. ती हार्ड डिस्क त्याच्याकडे नव्हती. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आधी हे बघा, डिस्क खरंच स्लो आहे का?

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची तपासणी करा. विंडोजमध्ये तुमचं नेहमीचं काम चालू ठेवा, टाइमलाइनवर व्हिडिओ प्ले करा, जिथे अडकतं तिथेच. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू यांचे आलेख दिसतात.

डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम सतत १०० टक्क्यांच्या जवळ चिकटून बसलाय आणि सीपीयू निवांत आहे? मग डिस्कच अडवतेय. हा लेख तुमच्यासाठी आहे.

पण डिस्क १० टक्क्यांवर आणि सीपीयू १०० वर असेल तर नवीन एसएसडी घेऊन काडीचाही फरक पडणार नाही. आजकालचे कॅमेरे आणि मोबाइल एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात. ती फाइल आकाराने लहान असते, पण उलगडायला प्रोसेसरला घाम फुटतो. तिथे प्रॉक्सी बनवून काम करायचं असतं, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल. प्रीमियर आणि डाव्हिंची रिझॉल्व्ह या दोन्हींमध्ये ती सोय आहे. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला लागलो, की धंद्याच्या सुरुवातीचं भांडवल असंच संपतं.

गिगाबिट आणि मेगाबाइट

दुकानदार आणि खोका, दोघेही तुम्हाला गोंधळात टाकतात. पोर्टचा स्पीड गिगाबिटमध्ये सांगतात आणि डिस्कचा मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून '५ जीबीपीएस' वाचून पाच हजार एमबी मिळतील असं समजू नका. आठने भागा आणि वाटेतला खर्च म्हणून अजून थोडं वजा करा. हातात काय पडतं ते असं:

यूएसबी २.० म्हणजे ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३५-४० एमबी. ५ जीबीपीएसच्या यूएसबीला साधारण ४०० ते ४५० एमबी. १० जीबीपीएसला हजाराच्या आसपास. २० जीबीपीएसला दोन हजारांच्या आसपास. थंडरबोल्ट ३, थंडरबोल्ट ४ किंवा ४० जीबीपीएसचा यूएसबी ४ असेल तर तीन हजारांच्या आसपास.

आता नावांचा घोळ. जे २००८ साली यूएसबी ३.० म्हणून आलं, त्यालाच नंतर यूएसबी ३.१ जेन १ म्हणायला लागले आणि मग यूएसबी ३.२ जेन १. वस्तू तीच, ५ जीबीपीएस. त्यामुळे खोक्यावर 'यूएसबी ३.२' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. तो ५ असेल, १० असेल, २० सुद्धा असेल. दुकानात आकडा विचारायचा, "किती जीबीपीएस?" दुकानदार "लेटेस्ट आहे साहेब" म्हणाला तर समजा त्यालाही माहीत नाही.

दुसरा घोळ टाइप-सीचा. टाइप-सी हा फक्त आकार आहे. त्या लहानशा गोल कडांच्या खाचेच्या मागे यूएसबी २.० असू शकतं आणि थंडरबोल्टही असू शकतं. केबलचंही तसंच. मोबाइलसोबत येणाऱ्या बऱ्याचशा सी केबल चार्जिंग दणक्यात करतात, पण डेटा यूएसबी २.० नेच नेतात. म्हणून डिस्कसोबत आलेली केबल डिस्कलाच बांधून ठेवा, मी तर रबर लावून ठेवतो. घरात कोणी ती मोबाइलला लावायला नेली, की तुमची डिस्क स्लो झालीच म्हणून समजा.

तुमच्या डेस्कटॉपला कुठला पोर्ट आहे?

हे खरेदीच्या आधी कळलं पाहिजे. पोर्टचा रंग बघून थोडा अंदाज येतो. काळा किंवा पांढरा असेल तर बहुधा २.०, निळा असेल तर ५ जीबीपीएस, लाल किंवा हिरवट निळा असेल तर बऱ्याच बोर्डांवर १० जीबीपीएस. पण रंगाची सक्ती कुठल्याच कंपनीवर नाही, म्हणून रंगावर पैसे लावू नका. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, त्यात बेसबोर्ड प्रॉडक्ट नावाची ओळ असते. तिथे मदरबोर्डचं मॉडेल मिळेल. ते मॉडेल कंपनीच्या वेबसाइटवर टाकलं, की मागच्या पॅनलवरचा प्रत्येक पोर्ट किती जीबीपीएसचा आहे ते लिहिलेलं असतं. ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर त्याचं मॉडेल टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

समोरचे पोर्ट शक्यतो टाळा. ते कॅबिनेटच्या आतून एका लांब वायरने बोर्डाला जोडलेले असतात. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये कधी ती वायर चुकीच्या पिनवर असते, कधी हलक्या प्रतीची असते. डिस्क मध्येच 'डिसकनेक्ट' होण्याचा त्रास असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. चार पोर्टच्या स्वस्त हबवरही डिस्क लावू नका. हबचा सगळा माल एकाच पोर्टातून जातो, त्यात वेबकॅम, प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळे वाटेकरी.

कॉम्प्युटर इतका जुना आहे की सगळे पोर्ट २.० चेच? तरी तो लगेच भंगारात काढायची गरज नाही. ५ जीबीपीएसचे पोर्ट देणारं छोटं पीसीआय एक्सप्रेस कार्ड मिळतं, मदरबोर्डवरच्या लहान स्लॉटमध्ये बसतं. १० जीबीपीएसच्या कार्डाला बहुधा मोठा, एक्स-फोर स्लॉट लागतो, तो आहे का ते आधी बघून घ्या.

म्हणजे डिस्क, डिस्कची केस, केबल आणि पोर्ट अशी चार कड्यांची साखळी आहे आणि स्पीड मिळणार तो सगळ्यात कमकुवत कडीचा. वर हजार लिटरची टाकी बांधली आणि खाली अर्ध्या इंचाचा पाइप टाकला, तर बादली भरायला तेवढाच वेळ लागतो.

कुठली डिस्क किती पळते?

खिशात मावणारी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क साधारण १०० ते १४० एमबी देते. तेही मोठी फाइल सलग वाचताना. या हार्ड डिस्कच्या आत फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारं डोकं असतं. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला त्या डोक्याला दहा मिलिसेकंद लागतात असं धरा. म्हणजे सेकंदाला शंभर उड्या. आता हजारो छोट्या फाइलींचा फोल्डर कॉपी केला, की तिचा वेळ उड्या मारण्यातच जातो. स्पीड १२० वरून ५-१० वर आलेला तुम्ही पाहिला असेलच. शिवाय बहुतेक पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये तबकडीवरचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून डेटा लिहितात. जागा जास्त मिळते, पण दोन-तीनशे जीबी एका दमात लिहायला घेतलं की मध्येच ती गळपटते. बिघडलेली नसते, तिची रचनाच तशी आहे.

साटा एसएसडी ५५० च्या आसपास थांबते. १० जीबीपीएसच्या केसमध्ये घाला, २० च्या घाला, तिला ५५० ची मर्यादा आहेच. ५ जीबीपीएसच्या पोर्टवर मात्र ती आणि महागडी एनव्हीएमई जवळजवळ सारख्याच पळतात. हे वाक्य परत वाचा, यात तुमचे पैसे वाचणार आहेत.

एनव्हीएमई एसएसडी म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. तिला केस घालून बाहेर लावता येते. १० जीबीपीएसच्या केसमध्ये ती हजार देते.

पण खोक्यावरचा आकडा हा पहिल्या काही मिनिटांचा असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. एसएसडीच्या आत थोडी जागा झटपट लिहिण्यासाठी राखलेली असते. ती कॅशे भरेपर्यंत डिस्क सुसाट असते. भरली, की खरा स्पीड दिसतो. टीएलसी प्रकारच्या चिप असतील तर उतार सोसण्यासारखा असतो. क्यूएलसी असतील, आणि स्वस्तातल्या मोठ्या डिस्कमध्ये बऱ्याचदा त्याच असतात, तर काही मॉडेल हार्ड डिस्कच्याही खाली जातात. आणि डिस्क जितकी भरलेली, तितकी ही कॅशे लहान होत जाते. म्हणून मोठ्या फाइलींचं काम असेल तर टीएलसी विचारून घ्या आणि डिस्क पूर्ण भरू नका. मी १५-२० टक्के मोकळी ठेवतो.

लग्नाचा हिशोब

आता खऱ्या कामावर येऊ. समजा फोर-के शूटिंग १०० मेगाबिट पर सेकंदने होतंय, बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत हेच सेटिंग असतं. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास, एकूण २७० जीबी.

हे २७० जीबी एका डिस्कवरून दुसरीकडे न्यायला यूएसबी २.० वर दोन तासांच्या आसपास लागतात. पोर्टेबल हार्ड डिस्कवर १२० धरले तर साडेसदतीस मिनिटं. ५ जीबीपीएसच्या पोर्टवर एसएसडीला साडेदहा मिनिटं. १० जीबीपीएसवर पाच मिनिटांच्या आत.

आता नीट बघा. दोन तासांवरून दहा मिनिटांवर येणं, यात तुमचा धंदा बदलतो. दहावरून पाचवर येण्यात एक चहा कमी होतो, बस. आणि हा डेटा मुळात येतो कुठून? कॅमेऱ्याच्या कार्डातून. आपल्याकडे बहुतेकांकडे असतात ती यूएचएस-१ प्रकारची एसडी कार्डं. त्या प्रकाराची ठरलेली कमाल मर्यादाच १०४ एमबी आहे. प्रत्यक्षात ९० धरा. म्हणजे कार्ड उतरवायला पन्नास मिनिटं लागणारच. समोर दोन हजारांची डिस्क ठेवा नाहीतर चारशेची.

"मग सर, एडिटिंगला तरी फास्ट लागेल ना?" लागेल, पण किती ते मोजू. एक फोर-के क्लिप साडेबारा एमबी मागते. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं तरी साडेसदतीस. आकड्यांवर तर हार्ड डिस्कलाही हे जमायला हवं. जमत नाही, कारण तीन फाइलींमध्ये ते डोकं सारखं उड्या मारतं. एसएसडीला उड्या माराव्याच लागत नाहीत. म्हणून हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर आलात की टाइमलाइन मोकळी होते. ४०० वरून २००० वर गेलात तर या कामात फरक शोधावा लागेल. रॉ व्हिडिओ किंवा प्रोरेसमध्ये काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे एकेक क्लिप शंभर-दोनशे एमबी मागू शकते. पण तुम्ही आत्ता सुरुवात करताय.

मग घ्यायचं काय?

लग्नाचं, यूट्यूबचं एडिटिंग: पोर्ट ५ जीबीपीएसचा असेल तर चांगल्या कंपनीची साधी १ टीबी एसएसडी. पोर्ट १० चा असेल, किंवा वर्ष-दोन वर्षांत डेस्कटॉप बदलायचा पक्का विचार असेल, तर १० जीबीपीएसची एसएसडी, टीएलसी बघून. २० जीबीपीएसवाली मी सुचवत नाही. तो पोर्ट फार थोड्या डेस्कटॉपवर असतो, आणि बहुतेक मॅकवर ती डिस्क १० वरच चालते.

फ्लेक्स, डीटीपी, अल्बम डिझाइन: फाइली एक-दोन जीबीच्या, पण सारख्या सेव्ह होणाऱ्या. इथे एक्स्टर्नलच्या आधी कॉम्प्युटरच्या आत एसएसडी आहे का ते बघा. विंडोज अजून हार्ड डिस्कवर चालत असेल तर पहिले पैसे तिथे घाला. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्कही आतल्याच एसएसडीवर ठेवा.

टॅली, बिलिंग, दुकानाचा हिशोब: तुम्हाला फास्ट डिस्क नकोच आहे. लहान दुकानाचा सगळा डेटा पेनड्राइव्हमध्ये मावतो. तुम्हाला रोजचा बॅकअप हवाय. चालू कंपनीचा डेटा मात्र एक्स्टर्नल डिस्कवर ठेवून काम करू नका. कोणाचा तरी केबलला धक्का लागतो आणि महिन्याच्या अखेरीला जीएसटी भरताना डेटा उघडत नाही.

आणि डेस्कटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट, जी एक्स्टर्नल डिस्क विकणारा सांगणार नाही. तुमच्याकडे लॅपटॉप नाही, मोठं कॅबिनेट आहे. त्यात जागा आहे. मदरबोर्डवर एम.२ स्लॉट रिकामा असेल तर तीच एनव्हीएमई आत बसवा. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर साडेतीन हजारांपर्यंत स्पीड मिळतो, केसचे पैसे वाचतात, केबलची कटकट नाही. एम.२ नसेल तर साटा पोर्ट रिकामा असतोच बहुधा. डेटा जर त्या टेबलावरून कधी उठणारच नसेल, तर तो बाहेर लटकवायचा कशाला? एक्स्टर्नल तेव्हा घ्या, जेव्हा स्टुडिओ आणि घर असं दोन्हीकडे काम चालतं, दोघे जण मिळून एक प्रोजेक्ट करतात, कॉम्प्युटर भाड्याचा आहे, किंवा मॅक मिनी आणि ऑल-इन-वनसारखं आत हात घालता न येणारं मशीन आहे. मॅकमध्ये कंपनीकडून जास्त स्टोरेज घेणं फार महाग पडतं, तिथे बाहेरची डिस्क हाच शहाणपणा.

रेडिमेड घ्यावी की केस वेगळी?

नवख्या माणसाला मी रेडिमेड सांगतो. एक बिल, एक वॉरंटी. थोडी माहिती असेल तर एनव्हीएमई आणि केस वेगवेगळी घेतल्याने स्वस्त पडू शकतं. पुढे डिस्क डेस्कटॉपच्या आत टाकता येते आणि केसमध्ये मोठी डिस्क घालता येते. फक्त केस घेताना ती एनव्हीएमईची आहे की साटा एम.२ ची, हे बघा. दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात आणि सगळ्या केस दोन्ही चालवत नाहीत. केस धातूची घ्या. सलग कॉपी चालू असताना एनव्हीएमई चांगलीच तापते आणि तापली की स्वतःहून स्पीड कमी करते. आपल्याकडच्या मे महिन्यात, वर पत्रा असलेल्या दुकानात, हे लक्षात ठेवायला लागतं. डिस्क सीपीयूच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवू नका.

ऑनलाइन '१६ टीबी एसएसडी' दीड-दोन हजारांत दिसली तर स्क्रोल करून पुढे जा. आत लहानसं मेमरी कार्ड असतं आणि विंडोजला मोठा आकडा खोटा दाखवलेला असतो. पहिले काही जीबी नीट लिहिले जातात, मग पुढचा डेटा कुठे जातो ते कोणालाच सापडत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, तुमच्या गावच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन घ्या, पण पक्कं बिल घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकायला सांगा, भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर ते मिळत नाही, बिल मात्र वॉरंटीसाठी लागतंच.

घरी आणल्या दिवशीच तपासा, परत करायची मुदत संपायच्या आत. क्रिस्टलडिस्कमार्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात पहिला आकडा बघा. ३५-४० आला तर केबल किंवा पोर्ट चुकलाय. मग एचटूटेस्टडब्ल्यूने पूर्ण डिस्क भरून वाचून बघा, तेही मोफत आहे. याने खोटी क्षमता उघडी पडते. आणि शंभर-दीडशे जीबीचा एक फोल्डर आतल्या एसएसडीवरून तिच्यावर टाकून शेवटपर्यंत स्पीड बघत बसा. कॅशे संपल्यावर काय होतं, ते त्यात दिसतं.

आता त्या मुलाचं

४३० मिळाल्यावर त्याचं काम जोरात सुरू झालं. सगळी लग्नं त्या एकाच एसएसडीवर. कार्डं दोनच होती, म्हणून एक लग्न उतरवलं की कार्ड फॉरमॅट करून पुढच्या लग्नाला. एका संध्याकाळी फाइली हलवत असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट आल्यावर विंडोजने विचारलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?

डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची होती, बऱ्याच एक्स्टर्नल डिस्क कंपनीतून तशाच येतात. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालावी म्हणून. पण एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं. एनटीएफएस कुठलाही बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवतं आणि मध्येच वीज गेली तर त्या नोंदीवरून स्वतःला सावरतं. एक्सफॅटला ते जमत नाही. फक्त विंडोजवर काम असेल तर नवी डिस्क रिकामी असतानाच एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या. मॅकलाही लावायची असेल तर मात्र अडचण आहे, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही.

रिकव्हरीवाल्याने बराचसा डेटा काढून दिला. पण मोठ्या व्हिडिओ फाइली डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पसरलेल्या असतात, त्यातल्या काही उघडल्याच नाहीत. एका लग्नातली मंगलाष्टकांची क्लिप त्यात गेली. त्याने पैसे परत दिले, मुलीच्या वडिलांसमोर जाऊन बसला. ते काही बोलले नाहीत म्हणे. त्या घरातून आणि त्यांच्या भावकीतून पुन्हा ऑर्डर आली नाही.

यात माझीही चूक आहे. स्पीडसाठी मी त्याच्याशी फोनवर अर्धा तास बोललो होतो आणि "दुसरी कॉपी कुठे आहे?" हे एकदाही विचारलं नव्हतं. डिस्क वॉरंटीत होती. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा मिळत नाही.

आता तो असं करतो. कार्ड घरी आलं की आधी एसएसडीवर आणि लगेच एका साध्या हार्ड डिस्कवर. दोन्हीकडे फोल्डरचा आकार आणि फाइलींची संख्या जुळली, चार-पाच क्लिप उघडून बघितल्या, मगच कार्ड फॉरमॅट. ती हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात, सतत लावून ठेवत नाही, म्हणजे व्हायरस आला किंवा विजेचा झटका आला तरी ती सुटते. दुसरी हार्ड डिस्क बहिणीच्या घरी असते, दर आठवड्याला बदलतो. यूपीएसची बॅटरी बदलली. दोन कार्डं जास्तीची घेतली. आणि गिऱ्हाइकाच्या ऑर्डर फॉर्मवर एक ओळ वाढवली, की अल्बम आणि व्हिडिओ दिल्यानंतर मूळ डेटा ९० दिवस ठेवला जाईल, कायमचा हवा असेल तर हार्ड डिस्क गिऱ्हाइकाने आणून द्यावी. गंमत म्हणजे निम्मे लोक आणून देतात, आणि त्याची एक कॉपी आपोआप तिसऱ्या घरात जाते.

म्हणून बजेट ठरवताना एसएसडी, हार्ड डिस्क, केबल आणि यूपीएसची बॅटरी, हे सगळं एका कागदावर लिहा. बजेट कमी पडलं तर एसएसडीचा स्पीड कमी करा, ५ जीबीपीएसवर या. हार्ड डिस्क त्या यादीतून कापू नका.

मागच्या पोर्टचा मोबाइलवर फोटो काढा, मदरबोर्डचं मॉडेल लिहून घ्या आणि मगच दुकानात जा. पुढच्या व्हिडिओत मी स्वतःचं कॅबिनेट उघडून एम.२ एसएसडी बसवून दाखवणार आहे, त्यात भेटू.